चष्म्यासकट सूर

काल मी चष्मा न काढताच सूर मारला. साठीनंतर का होईना, एकदा तरी शिडी सोडून डोक्याकडून पाण्यात जायचं, हा माझा हट्ट. पण चष्मा पडेल म्हणून ऐन वेळी मान वर केली आणि पोट असं आपटलं की तलावावरची सगळी मंडळी वळून पाहू लागली. चष्म्याने मात्र सरळ तळ गाठला.

बायको माहेरच्या विहिरीत पोहायला शिकलेली. तिने सूर मारला. पाणी जेमतेम हललं. चष्मा घेऊन वर आली, पण देईना. "आता तसेच या. हनुवटी छातीला लावा."

चष्म्याशिवाय पाणी किती खोल आहे ते दिसेना, कोण हसतंय तेही दिसेना. इतकी वर्षं शिडी धरून उतरलो, ते सगळं नीट दिसत होतं म्हणूनच की काय! समोर नुसतं निळं धूसर काहीतरी आणि त्यातून येणारा तिचा आवाज. तेवढ्या भरवशावर डोकं खाली घातलं, आणि पाण्याने मला चक्क आत घेतलं. त्या क्षणी मला माझ्या अधू डोळ्यांचेसुद्धा उपकार वाटले. तिचे तर होतेच.

वर येऊन विचारलं, "कसा झाला?"

"छान," चष्मा देत ती म्हणाली. "फक्त पोट जरा मागून पोहोचलं."