पोचलेलं पत्र

पोशीरला माझी पिठाची गिरणी आहे. दळणाला सगळं गाव येतं, म्हणून पोस्टमनही गावाचं टपाल माझ्याकडेच टाकतो. तो मोबाइल पुढे करायचा, मी बोटाने सही करायचो आणि पत्र ज्याच्या त्याच्या दळणाच्या डब्यात झाकणाखाली ठेवायचो. पीठ नेताना पत्रही घरी जायचं. ह्या युक्तीचं मला भारी कौतुक होतं. पाहुण्यांनाही मी ती ऐकवली आहे.

गेल्या वर्षी एका दुपारी शेजारच्या वहिनी मोबाइल हातात घेऊनच गिरणीत आल्या. अंगणवाडी मदतनीस म्हणून त्यांनी कर्जतच्या कार्यालयात अर्ज केला होता. वयाच्या अटीमुळे ही शेवटचीच संधी.

"भावजी, कर्जतवरनं पत्र आलंवतं का?"

"नाय. आलं असतं तर दिलं नसतं का?"

त्यांनी मोबाइल माझ्या नाकासमोर धरला. पोस्टाच्या नोंदीत पत्र आठ दिवसांपूर्वीच पोचलं होतं. खाली सही होती, म्हणजे मेलेल्या गांडुळासारखी एक रेघ. अशी सही तालुक्यात माझीच.

"हपिसातनं पण हेच सांगत्यात. मूळ पत्र आन दाखले घेऊन आज पाचच्या आत या, नायतर नाव कटलं."

घड्याळात अडीच वाजले होते.

"मग दिलंच असणार मी," मी म्हणालो. "तुमीच कुटं ठेवलंय बघा." हे बोलताना माझा आवाज गरजेपेक्षा मोठा होता. माझी बायको आतून आली. तिला तो आवाज तीस वर्षं ठाऊक आहे.

"त्या दिवशी पोस्टमन आला तवा काय दळत होतात?"

"तांदूळ."

"कुणाचे?"

मी वहिनींकडे बघितलं. तांदूळ त्यांचेच होते. मी ते नुकतेच गिरणीत ओतले होते, रिकामा डबा खाली लावला होता. एका हाताने सही केली, दुसऱ्याने पाकीट डब्यात टाकलं. पीठ पडायच्या आधी काढू म्हटलं आणि पोस्टमनशी गप्पा मारत बसलो.

वहिनी घराकडे पळतच सुटल्या. मागून मी, माझ्यामागून बायको. त्यांनी डबा अंगणात चादरीवर उपडा केला. आठ दिवस त्याच पिठाच्या भाकऱ्या झाल्या होत्या, तरी अर्ध्याहून जास्त पीठ होतं. ढिगात दोन्ही हात घालून त्या चाचपत राहिल्या. मी देवाला नारळ बोललो. पाकीट निघालं, पांढरंशुभ्र.

मोटरसायकलवर मागे त्या, मांडीवर दाखल्यांची पिशवी. नेरळला टेंपोंच्या रांगेत अडकलो. मी काहीतरी समजुतीचं बोलायला तोंड उघडलं.

"भावजी, पुढं बघा," त्या म्हणाल्या. कर्जतपर्यंत आम्ही एवढंच बोललो.

पाचला दहा कमी असताना वहिनींनी पत्र टेबलावर ठेवलं. कारकुनाने ते उघडलं तसं रजिस्टरवर पीठ सांडलं. त्याने बोटाने पुसलं, आमच्या दोघांच्या तोंडाकडे पाहिलं आणि काही न विचारता कागद तपासायला घेतले. वहिनींनी दाखल्यांची झेरॉक्स पुढे केली. "ह्याच्यावर पोच द्या. शिक्का आन तारीख पण." पोच घडी घालून त्यांनी स्वतःच्या पर्समध्ये ठेवली. मी धरतो म्हणालो, तर ऐकूच आलं नाही असं केलं.

महिन्याभराने पोस्टमन आला. "शेजारचं हाय, कर्जतचं. मारा सही." मोबाइल पुढे आला. बोट सवयीने उठलंच होतं, ते मी खिशात घातलं.

"त्या लावणीला गेल्यात. शेतावर चला."

"एवढ्या चिखलात? तुमाला काय झालं ओ एकाएकी?"

मी गिरणी बंद केली आणि त्याला बांधावरून घेऊन गेलो. वहिनींनी हात पदराला पुसले, तरी सहीबरोबर मोबाइलच्या काचेवर चिखल उमटलाच. पाकीट त्यांनी तिथेच फोडलं, उभ्याने वाचलं, पुन्हा एकदा वाचलं.

"काय म्हणतंय?" मी बांधावरून विचारलं.

"एक तारखेपासनं या म्हणत्यात," त्या म्हणाल्या आणि पत्र पोलक्यात खोचून पुन्हा लावणीला वाकल्या.

पोस्टमन परतीच्या वाटेवर चप्पल हातात घेऊन मला शिव्या देत होता. मी ऐकून घेतल्या. त्याच्या पिशवीत अजून चार पत्रं होती.

"ही कुणाची?" मी विचारलं. "चला, घरं दाखवतो."