गॅसवरच्या दोन नळ्या

मनामात, बाब अल बहरीनच्या वेशीमागच्या एका क्लिनिकात मी लॅब टेक्निशियन होतो. नव्वदच्या दशकाची शेवटची वर्षं. व्हिसाच्या मेडिकलसाठी अख्खा गल्फ हातात बाटली घेऊन माझ्यापुढे उभा असायचा. त्यात एकदा अस्करच्या बाजूला काम करणारा एक कोरियन इंजिनिअर आला. वय सव्वीस, अगदी काडीपैलवान, आणि लघवीत साखर. त्याच्या आईला तसंच होतं, आजोबांनाही तसंच, आणि सगळे असेच बारीक.

आमचे डॉक्टर केरळचे. त्यांनी मला हिंदीत समजावून सांगितलं की हा नेहमीचा मधुमेह नाही. एकाच जीनमधला बिघाड, आईकडून नाहीतर बापाकडून येणारा, दर मुलामागे अर्धी शक्यता. जपान-कोरियाकडे अशा घरांचं रक्त घेऊन शोध चाललाय म्हणाले. मी विचारलं, "और अपने लोगों का?"

"मफी," ते अरबीत 'नाही' म्हणाले आणि पुढचा पेशंट बोलावला.

मला घरचंच आठवलं. बायकोचा भाऊ तेविसाव्या वर्षापासून इन्सुलिनवर होता, तोही काटकुळा. आणि आमची मुलगी नऊ वर्षांची, एकुलती एक.

त्या महिन्यापासून मी घरी तिची लघवी तपासायला लागलो. लॅबमधून बेनेडिक्टचं द्रावण आणायचं, नळीत त्याचे पाच मिली, वर लघवीचे आठ थेंब, आणि उकळायचं. निळं राहिलं तर साखर नाही. हिरवं झालं तर थोडी, मग पिवळं, शेवटी विटकरी. पण नुसती एक नळी उकळून भागत नाही. शेजारी एक कंट्रोल लागतो, म्हणजे ज्याच्यात साखर नाही हे ठाऊक आहे असा नमुना. घरात कंट्रोल म्हणून मी माझीच लघवी घ्यायचो.

"अहो, चहाच्या गॅसवर काय उकळताय हे," बायको वैतागायची.

"तुमच्या घराण्याची देणगी तपासतोय," मी म्हणायचो. दर महिन्याला म्हणायचो. ती नंतर बर्नर घासून घ्यायची. मुलगी बाटली माझ्या हातात कोंबून "बाबा, नॉट अगेन" म्हणत पळायची.

वर्षभर दोन्ही नळ्या निळ्या राहिल्या. मग एका शुक्रवारी दोन्ही हिरवट झाल्या. मी हसलो. कंट्रोलसुद्धा हिरवा झाला म्हणजे द्रावणच खराब, हे आम्हाला पहिल्या वर्षाला शिकवलेलं. बाटली मोरीत ओतली. पुढच्या महिन्यात लॅबमधून ताजं द्रावण आणलं. पुन्हा दोन्ही हिरव्या. मी कंपनीला शिव्या घातल्या आणि तीही बाटली ओतून दिली. खरं सांगतो, मला तेव्हाच कळायला हवं होतं. कळून घ्यायचं नव्हतं.

तिसऱ्या महिन्यात तिची हिरवी झाली आणि माझी पिवळी. त्याच बाटलीतल्या द्रावणानं मी सकाळपासून क्लिनिकात पेशंट तपासले होते आणि बहुतेकांच्या नळ्या स्वच्छ निळ्या होत्या. मी गॅस बंद केला आणि खाली फरशीवर बसलो.

दुसऱ्या दिवशी उपाशीपोटी दोघांचं रक्त तपासलं. मला मधुमेह होता, चौतिसाव्या वर्षी. मुलीचं रक्त अजून ठीक होतं. डॉक्टर म्हणाले, अशा घरांत कधी कधी साखर आधी लघवीत उतरते, रक्तात मागून वाढते. तिला होईलच असं सांगता येत नाही, पण होईल असं धरून चाला. मी रक्त कोरियाला पाठवायचं विचारलं. त्यांनी नुसती नकाराची मान हलवली.

गावी आईला फोन लावला. माझा बाप मी चार वर्षांचा असताना तापानं गेला, असंच मला सांगितलेलं. आई म्हणाली, "ताप शेवटाला आला रं. त्याच्या आदी लई पानी प्यायचा. घागर पुरायची न्हाई. पार वाळून गेल्ता." मी तिला बरं म्हटलं आणि फोन ठेवला.

बायकोला सगळं सांगितलं. वर्षभर मी तिच्या माहेराला बोललो होतो. तिनं एक शब्द परत दिला असता तर मला सोसला असता. तिनं फक्त विचारलं, "पोरीला काय सांगायचं?"

पुढच्या महिन्यात मुलीनं बाटली आणून दिली, न कुरकुरता. मी तिची नळी भरली आणि दुसरी रिकामी हातात धरून उभा राहिलो. त्या नळीत कुणाचं घालू, कळेना. बायको मोरीतून आली आणि एक बाटली ओट्यावर ठेवली.

"माझं घ्या," ती म्हणाली.

मी दोन्ही नळ्या उकळल्या. बायकोची निळीच राहिली.