पोरगी पुढे, आम्ही पंधराव्या रांगेत

मित्रहो, दुपारी नागपूरला उतरलो, पण मन अजून विमानातच आहे, म्हणून लिहून राह्यलो.

आमची रोहिणी प्रवासी विमानात को-पायलट आहे. आज पहिल्यांदाच मी आणि तिची आई तिच्या विमानात बसलो. दाट धुक्यात मशीन स्वतःच विमान उतरवते, असं तिनं एकदा सांगितलं होतं. मी समजून बसलो, सगळं मशीनच करते. आलापल्लीच्या जंगलात जन्मभर नोकरी केलेल्या बापाला तेवढाच धीर.

नागपूरवर वावधन, म्हणजे वादळी वारं, सुटलं होतं. विमान हेलकावे खात खाली आलं. धावपट्टी अगदी जवळ दिसली आणि विमान एकदम गर्जत पुन्हा वर चढलं.

"अवो, आपली पोरगी काय करून राह्यली?" बायकोनं माझं मनगट आवळलं.

पायलटचं दार बंद. ती लहान असताना जंगलात मी तिच्या पुढे चालायचो. इथे नुसता पट्टा धरून बसलो.

दुसऱ्या खेपेला चाकं टेकली.

बाहेर तिला विचारलं, "मशीन बिघडली होती काय?"

"नाई बाबा. एवढ्या आडव्या वाऱ्यात मशीनवर सोडता येत नाई, हातानंच उतरवा लागते. वाऱ्यानं बाजूला ढकललं, म्हणून मीच वर नेलं."

"आन् दुसऱ्यांदा?"

"तवाबी मीच. कॅप्टन सर बाजूला होते."

तिनं घड्याळ पाहिलं, संध्याकाळी पुन्हा उड्डाण होतं, म्हणून निघून गेली.

आता पाहुण्यांकडे बसलो आहे. वाऱ्यानं खिडक्या अजून आपटून राह्यल्या, आन् पोरगी पुन्हा उडणार. तुमची लेकरं अशी कामं करत असतील, तर तुम्ही अशा वेळी काय करता?