उपासाच्या दिवशीची गोळी

गेल्या वर्षी मी बोलायची थांबले. घरच्यांनी आधी आठवडाभर शांततेचा आनंद घेतला, मग घाबरले. कारण मी नुसती गप्प नव्हते. आंघोळ नको, चहा नको, सकाळी डोळे उघडले की हा अख्खा दिवस कसा ढकलायचा याचंच ओझं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, डिप्रेशन आहे, औषधाने बरं होतं. रोज एक गोळी, दुपारी जेवणानंतर.

दोन महिने गेले, फरक शून्य. शेवटी म्हणाल्या, "इथे राहा, सलाईनमधून औषध देऊन बघू."

मला जरा धीरच आला. आमच्या वारज्याच्या सोसायटीत गोळ्या खाणाऱ्याला कोणी आजारी धरत नाही. बाटली लटकली, की मात्र शहाळी येतात.

औषध रोज थेंब थेंब शिरेतून जाऊ लागलं. दहा-बारा दिवसांनी मी शेजारच्या खाटेवरल्या बाईंना त्यांची सून कुठे चुकते ते नीट समजावून सांगितलं. माझी सून खराडीचं ऑफिस उरकून आलेली, दारातच थबकली. डोळे भरले तिचे.

"आई, बोलताय तुम्ही!"

"सुनांबद्दलच बोलतेय."

डॉक्टरीणबाई मात्र विचारात पडल्या. "गोळीने काहीच नाही आणि सलाईनने एवढं? आजी, गोळ्या रोज घेत होतात ना?"

"एक दिवस चुकवली नाही. उपास सोडून."

"उपास कधी असतात?"

"सोमवार, गुरुवार, शनिवार. शिवाय चतुर्थी, एकादशी."

"मग तेव्हा गोळी का नाही?"

"अहो, तुम्हीच लिहिलंय, जेवणानंतर. उपासाला जेवण कुठलं?"

"काहीच खात नाही?"

"खिचडी खाते, वऱ्याचे तांदूळ, दाण्याची आमटी, एखादं रताळं. पण ते जेवण नव्हे, फराळ."

सून भिंतीकडे तोंड करून हसत होती. डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. "आजी, औषध शिरेतून जाऊ दे नाहीतर तोंडातून, रोज जावं लागतं. सलाईन तुमचे वार पाळत नव्हतं, एवढंच. घरी गेल्यावर पुन्हा गोळीच आहे. रोज घ्याल?"

ते ढकलायचे दिवस मला परत नको होते.

"उपास मोडणार नाही ना हो?"

"एवढ्या साबुदाण्याने मोडत नसेल, तर गोळीने नाही मोडत."

आणि त्यांनी चिठ्ठीवर स्वच्छ अक्षरात लिहिलं, 'जेवणानंतर किंवा फराळानंतर'.

आज गुरुवार. खिचडी झाली, गोळीही झाली, म्हणून तर एवढं बोलले.