आक्का आणि जलछेदिका

माझी मातृभाषा अहिराणी. पण मास्तर झालो आणि मी तिला उंबऱ्याच्या आतच ठेवली. वर्गात एखादं पोर 'मन्हं पुस्तक' म्हणालं की मी कडाडायचो, "मन्हं नाही रे गाढवा, माझं! माझं!" तापीकाठच्या प्रकाशा गावच्या शाळेत माझा तसा लौकिकच होता. शुद्ध मराठी म्हणजे अब्रू, हे माझ्या डोक्यात पक्कं बसलेलं. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे जे झालं ते या खोडीपायीच झालं.

दुसरं महायुद्ध सुरू व्हायच्या चार-दोन वर्षं आधीची गोष्ट. आमचा भाग तेव्हा पश्चिम खानदेशात मोडायचा. चैत्रात एक प्राध्यापक नंदुरबार स्टेशनावर उतरून बैलगाडीनं आमच्या गावी आले आणि देवळाजवळच्या धर्मशाळेत उतरले. ते पाणपक्ष्यांवर मराठीत पुस्तक लिहीत होते. हेडमास्तरांनी मला बोलावून सांगितलं, "तुम्ही नीट बोलता, तुम्हीच जा त्यांच्याबरोबर." मला काय, आभाळ ठेंगणं झालं!

चैत्रात तापी आटून बारीक झालेली असते आणि मधलं वाळूचं बेट उघडं पडतं. त्या वाळूवरच पक्षी अंडी घालतात. आम्हाला तिकडे नेणारा नावाडी साठीच्या पुढचा होता. गाव त्याला आबा म्हणायचं. अंगठेबहाद्दर, पण डोळा असा तीक्ष्ण की मला न दिसलेलं अंडं तो होडीतूनच दाखवायचा.

बेटावर दोन जातींची वस्ती होती. एक काळ्या टोपीचा, पिवळ्या चोचीचा, दुभंगल्या शेपटीचा. दुसरा त्याहून मोठा, नारिंगी चोचीचा, आणि चोच कसली, खालचा अर्धा भाग वरच्यापेक्षा लांब! तो खालचा भाग पाण्यात बुडवून हा पठ्ठ्या उडत जायचा आणि मागे पाण्यावर रेघ उमटायची. मी जन्मभर ती रेघ पाहत आलो होतो, पण ती चोच तेव्हा पहिल्यांदा नीट पाहिली.

प्राध्यापक छत्री उघडून वाळूत बसले आणि सांगू लागले. हे घराणं मुळात समुद्राचं. किनाऱ्यावरचे कुरव पक्षी, हे काळ्या टोपीवाले आणि हा पाणी कापणारा, यांचे पूर्वज कधीकाळी एकच असावेत. पिढ्यान् पिढ्या ज्याला ज्या चोचीनं मासा जास्त मिळाला, त्याची ती चोच टिकली आणि घराणी वेगळी होत गेली. पण नक्की कधी वेगळी झाली, कोण कुणाला जवळचा, यावर विलायतेत अजून वाद आहे. तिथल्या पंडितांनी वाळलेली कातडी समोर ठेवून लॅटिनमध्ये नावं दिलेली, एक शब्द आडनावासारखा आणि दुसरा नावासारखा. कुणी या लांब चोचीवाल्याला वेगळं घर मांडून देतो, तर कुणी त्याला पुन्हा जुन्या घरात आणून बसवतो. मी मान डोलावत होतो. निम्मं डोक्यावरून गेलं, पण मास्तरनं कसं विचारायचं?

आबाला मात्र कसली लाज! त्यानं मला विचारलं, "काय म्हनी ऱ्हायनात ते?" मी आमच्या पद्धतीनं सांगितलं, "ते म्हणतात, या दोघी एका घरात राहतात खऱ्या, पण एका आईच्या आहेत की नुसत्या जेठानी-देरानी आहेत, कुणास ठाऊक." म्हणजे जावाजावा. एकाच घरात नांदतात, पण रक्त वेगळं.

आबा एकदम ताठ झाला. "जेठानी-देरानी नहीत, गुरुजी! बहिनी शेतस, एकज मायन्या. पिल्लू जवय धाकलं ऱ्हास, तवय दोन्हीसनी चोच सारखीज ऱ्हास. मोठीनी खालनी चोच मंग वाढस."

मी ते मराठीत सांगितलं. अंड्यातून निघालेल्या पिल्लाची चोच दोन्ही जातींत सारखीच असते, मोठीची खालची चोच नंतर लांबते. प्राध्यापक छत्री टाकून उठले. त्यांनी आबाचे दोन्ही हात धरले आणि विचारलं, "बाबा, तुम्ही यांना काय म्हणता?"

"मोठीले आक्का," आबा म्हणाला. "आनि धाकलीले धाकलीज." नाव त्याच्या बापापासून चालत आलेलं होतं. मग त्यानं विचारलं, "आमनं बोलनं बी कागदवर यी का?"

"येणार! का नाही येणार?" प्राध्यापक म्हणाले.

त्या दिवसापासून आबा घाटावर भेटेल त्याला सांगायचा, आपला शब्द पुस्तकात येणार. मला एकदा म्हणाला की हयात गेली, लोकांनी एवढंच विचारलं, पलीकडे सोडतोस का. दुसरं काही विचारणारा हाच पहिला माणूस. सांगताना त्याचे डोळे भरून आले होते.

प्राध्यापक दुसऱ्याच दिवशी गेले. जाताना मला म्हणाले, पिल्लांची हकिकत आणि आबानं सांगितलेली नावं नीट लिहून टपालानं पाठवा. मी बैठक मारून लिहायला बसलो. पिल्लांची हकिकत आबाच्या नावानिशी जशीच्या तशी लिहिली. नावाशी आलो आणि हात अडला. आक्का! पुण्या-मुंबईचे लोक वाचतील आणि हसतील, म्हणतील काय हे गावंढळ. मग मी डोकं खाजवून आक्काची केली 'जलछेदिका' आणि धाकलीची 'नदीकुररी'. वर स्वतःवरच खूश झालो आणि पाकीट बंद केलं.

दीड वर्षानं पुस्तक आलं. टपालवाल्यानं आबाला आधीच सांगून ठेवलेलं. शाळा सुटल्यावर पुस्तक घेऊन मी घाटावर गेलो, तर आबा धुतलेला सदरा घालून होडीत वाट पाहत बसलेला.

पिल्लांची हकिकत वाचून दाखवली तेव्हा तो प्रत्येक वाक्याला "हां, हां" म्हणत होता. पुढे छापलं होतं, 'प्रकाशाचे नावाडी या पक्ष्यास जलछेदिका म्हणतात.' मी वाचलं, "प्रकाशाचे नावाडी या पक्ष्यास आक्का म्हणतात."

आबानं ओले हात धोतराला पुसले. "कोठे शे? बोट ठेवा."

मी बोट ठेवलं. तो वाकून बराच वेळ पाहत राहिला. "आक्का इतली लांब शे का?"

"छापताना लांब होतं," मी म्हणालो. शाळामास्तर मी, आणि असं बोललो!

"गुरुजी, काय लिखेल शे ते सांगा."

सांगितलं. त्यानं तो शब्द दोनदा म्हणून पाहिला, दोन्ही वेळा जीभ अडखळली. "हाई मन्हं नही," तो म्हणाला. "हाई तुमनं शे."

मी शिव्या खायच्या तयारीत होतो. त्यानं दिल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यानं पुस्तक मिटून माझ्या हातात दिलं, वल्हं उचललं आणि म्हणाला, "ऱ्हाऊ द्या, गुरुजी. तुमले बी आजलगून कोनी काही इचारेल नही, नही का?"

मी मान खाली घातली. खरं होतं. इतकी वर्षं मास्तरकी केली, पण वर्गात प्रश्न मीच विचारायचो; मला कधी कुणी काही विचारलं नव्हतं. आणि नाव तरी प्राध्यापकांनी मला कुठे विचारलं होतं? त्याला विचारलं होतं.