नाना सांगायचे, मी पाठवायचे

ज्या वर्षी मी धुळ्याचं सासर सोडून जळगावला परत आले, त्याच वर्षी नानांची नजर गेली. नाना म्हणजे माझे वडील. साखरेनं आधी उजवा डोळा खाल्ला, मग डावा. भेटायला येणाऱ्यांना ते सांगायचे, "देवानं डोळे नेले आणि पोरगी परत पाठवली. त्याचा व्यवहार चोख." लोक हसायचे. मी चहाचा ट्रे घेऊन उभी असायचे.

नाना भुसावळजवळच्या वीज केंद्रात कंट्रोल रूमला होते. तिथे संगणक आले तेव्हा आधी शिकलेल्यांत ते एक. निवृत्तीनंतर त्यांचा सगळा जीव एका न्यूजग्रुपवर होता. कुणा जुन्या इंजिनिअरनं आपल्या खर्चानं एक सर्व्हर चालू ठेवला होता आणि त्यावर मराठी गप्पांचा एक गट होता. गावातल्या पारासारखंच ते. एकानं लेख टाकायचा, बाकीच्यांनी आपापल्या सोयीनं येऊन वाचायचा, वाटलं तर खाली उत्तर लिहायचं. माणसं वीस-पंचवीस, बहुतेक पिकल्या केसांची. व्हॉट्सअॅपला नाकं मुरडणारी.

डोळे गेल्यावर नानांना वाटलं, आता गट सुटला. मग त्यांच्या लक्षात आलं की घरात माझे डोळे आहेत. बोलणारं सॉफ्टवेअर बसवून देते म्हटलं तर म्हणाले, "यंत्राचा आवाज नको. माणूस फुकट बसलंय."

जेवण झालं की दुपारी आम्ही बसायचो. काळ्या पडद्यावर सगळं हातानं लिहायचं, कारण नानांना कमांड तोंडपाठ होत्या आणि माउस म्हणजे बघणाऱ्यांची चैन.

"टेलनेट. स्पेस. सर्व्हरचं नाव. स्पेस. एकशे एकोणीस. एंटर. काय म्हणतो?"

"दोनशे म्हणतो नाना. पुढे स्वागत लिहिलंय."

"मग पोस्ट म्हण."

सर्व्हर 'पाठवा' म्हणाला की आधी लिहिणाऱ्याचं नाव, मग गटाचं नाव, मग विषय. लिपीची एक ओळ, नाहीतर देवनागरीच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं उमटायची. त्यानंतर एक ओळ कोरी. ती राहिली की सर्व्हर लेख परत फेकायचा आणि नाना म्हणायचे, "तिकडेही अशीच विसरायचीस का?" कोऱ्या ओळीखाली मजकूर, आणि शेवटी एका ओळीवर एकटं टिंब. टिंब दिलं की दोनशे चाळीस असा आकडा यायचा. म्हणजे लेख गेला. गेलेला परत घेता येत नसे. रद्द करायची कमांड होती, पण सर्व्हरच्या मालकानं ती बंद ठेवली होती. बोललेला शब्द कुणी गिळत नाही, असं त्याचं म्हणणं.

नाना लिहायचे छान. तिखट लिहायचे. गटात त्यांची वाहवा होती आणि भीतीही. धुळ्याचे एक निवृत्त मास्तर होते, ते अहिराणीत चार-चार ओळी टाकायचे, वारलेल्या बायकोबद्दल. एकदा त्यांनी लिहिलं, "तिनी खुर्ची आजून आंगनमा शे. मी उचलत नही." मी नानांना वाचून दाखवलं आणि माझा आवाज जरा ओला झाला. नानांनी तो ऐकला.

"लिही," ते म्हणाले. "खुर्ची अंगणात आहे, एवढं समजलं. ती वेळेवर आत नेली असती, तर गटाचा वेळ वाचला असता."

"नाना, त्यांची बायको गेलीय."

"माझीही गेली. मी खुर्च्या मोजत बसलो का? टिंब दे."

मी दिलं. पाच-सहा जण हसले. मास्तर बरेच दिवस गटात फिरकले नाहीत. नाना रोज विचारायचे, "आले का खुर्चीवाले?" आणि नाही म्हटलं की भाकरीचा तुकडा मोडत मजेत मान हलवायचे.

मग उन्हाळ्यात कुणीतरी गटात विचारलं, बिघडलेला इन्व्हर्टर दुकानदार परत घेत नाही, काय करावं. नानांनी खुर्चीत पाठ ताठ केली. ती अशी ताठ झाली की मला कळायचं, आता कुणाची तरी शिकार आहे.

"विषय तोच ठेव. लिही. आमच्याकडेही एक वस्तू धुळ्याहून परत आली. आम्ही वाजतगाजत दिली होती. त्यांनी चार वर्षं वापरली, मूल होत नाही म्हणून परत केली."

माझी बोटं थांबली. कळांचा आवाज थांबल्याबरोबर नानांनी मान वळवली.

"थांबलीस का?"

"नाना, हे माझ्यावर आहे."

"तुझं नाव घेतलं का? मग टाइप. बनवणारेच आम्ही, त्यामुळे तक्रार कुणाकडे करणार. ठेवून घेतली. सध्या टाइपरायटर म्हणून चालते. आवाज करत नाही, हा एक गुण."

मी शब्दन् शब्द टाइप केला. का केला, ते मला आजही नीट सांगता येत नाही. इतकं आठवतं की 'वापरली'वर चुकून रफार पडला होता आणि मी तो काळजीपूर्वक काढला.

दुसऱ्या दुपारी उत्तरं आली होती. "सगळी वाच, क्रमानं," नाना म्हणाले. मी वाचली. एकानं लिहिलं होतं, नाना, धार अजून तशीच. एकानं विचारलं होतं, वॉरंटी संपली होती का? नाना पोट हलवून हसले. शेवटचं उत्तर धुळ्याच्या मास्तरांचं होतं, इतक्या दिवसांनी. एकच ओळ.

"नाना, हाई टाइप कोन करस? ती पोरच करस का?"

नाना हसायचे थांबले. "लिही, पगारी माणूस ठेवलाय."

मी सर्व्हरला जोडलं, नाव, गट, विषय लिहिला, ओळ कोरी सोडली. मग लिहिलं, 'हो. मीच ती मुलगी. तेव्हाही मीच टाइप केलं, आत्ताही मीच करते आहे.' आणि टिंब दिलं.

नानांना आवाजावरूनच समजलं. "मी एवढं लांब नाही सांगितलं. काय लिहिलंस?"

मी वाचून दाखवलं.

ते ओरडले नाहीत. आधी म्हणाले, "रद्द कर." होत नाही, हे त्यांनीच मला शिकवलं होतं. मग म्हणाले, "सासरच्यांनी काय उगाच हाकललं तुला?"

यानंतर गटानं जे केलं, ते नानांनाही कधी सुचलं नसतं. कुणी त्यांना बोल लावला नाही. कुणी माझी बाजू घेतली नाही. वाहवा करणारे, वॉरंटी विचारणारे, सगळे एकाएकी सभ्य झाले आणि नानांना उत्तर देणं बंद झालं. नाना रोज नवा लेख सांगायचे, पूर्वीपेक्षा चुरचुरीत. मी रोज पाठवायचे. दोनशे चाळीस. दुसऱ्या दिवशी विचारायचे, "काय आलं?" मी म्हणायचे, "काही नाही." मी दडवते असं वाटून त्यांनी एकदा शेजारच्या काकांना बोलावून पडदा वाचायला लावला. काकांनी चष्मा लावून पाहिलं आणि म्हणाले, "नाना, इथं तुम्ही एकटेच बोलताय."

मला तेव्हा वाईट वाटायला हवं होतं. मी आत जाऊन वांगी भाजायला ठेवली.

पावसाळ्यानंतर मला पारोळ्याला एका बियाण्यांच्या कंपनीत हिशेबाचं काम मिळालं. नाना म्हणाले, "जा. तिथूनही परत पाठवतील." अजून तरी पाठवलेलं नाही. आता शेजारच्या काकू त्यांना डबा देतात आणि मी रविवारच्या एसटीनं येते. बोलणारं सॉफ्टवेअर बसवून दिलं होतं. ते मराठी असं वाचतं की नानांनी दोन दिवसांत स्पीकरची वायर उपटली.

म्हणून रविवारी मी गट वाचून दाखवते. मास्तर पुन्हा लिहू लागलेत, त्यांचंही वाचते. नाना मध्येच हात वर करतात. "लिही," म्हणतात, आणि एखादं असं वाक्य सांगतात की पूर्वी गट लोळला असता. मी लिहीत नाही. पुढचा लेख वाचायला घेते. मागच्या खेपेला त्यांनी चार वेळा सांगितलं, चारही वेळा मी पुढे वाचत गेले. पाचव्यांदा त्यांचा हात वर गेला आणि तसाच खाली आला.

"तू माझ्यावर गेलीस," ते म्हणाले.

मी पारोळ्याची गाडी चुकू नये म्हणून संगणक बंद केला, त्यांच्या हाताला लागेल असा पाण्याचा तांब्या ठेवला आणि चपला घातल्या.