खाटा तेवढ्याच होत्या

करोनाच्या दुसऱ्या लाटेत मी पुण्याची खोली सोडून वर्धा जिल्ह्यात समुद्रपूरला आईबाबांकडे आले होते आणि तिथूनच कंपनीचं काम करत होते. काही खासगी दवाखान्यांसाठी आम्ही एक वेबसाइट चालवायचो. आपला माणूस कोणत्या खाटेवर आहे, त्याला ऑक्सिजन लावलाय का, हे नातेवाइकांना मोबाइलवर दिसायचं. आत कोणालाच सोडत नव्हते. वेबसाइट भाड्याच्या क्लाउड सर्व्हरवर होती आणि तो किती मोठा घ्यायचा याचा अंदाज बांधणं माझ्याकडे होतं.

एरवी हे काम सोपं. मागच्या काही महिन्यांत प्रोसेसर आणि मेमरी किती वापरली गेली ते बघायचं, वाढ धरायची, वर थोडी मोकळीक ठेवायची. या वेळी मागचे महिने काही कामाचे नव्हते. आलेख रोज चढत होता. पुण्याहून साहेबांचा फोन आला, "पुढच्या महिन्याचा आकडा दे. उगाच मोठा नको, पण बंदही पडायला नको."

वर्ध्याच्या ज्या दवाखान्यात आमची वेबसाइट होती, तिथे नोंदी भरणाऱ्या क्लार्कला मी फोनवर विचारलं, "अजून किती रुग्ण वाढतील असं वाटतं?"

"वाढनार कुठून मॅडम? खाटा भरल्या. एक गेला का दुसरा येते, बस."

म्हणजे रुग्ण वाढणार नाहीत, सर्व्हरवरचा भारही जवळपास एवढाच राहील. त्या हिशेबाने मी आकडा मांडायला घेतला आणि बाबा तापाने पडले. शाळेतून निवृत्त होऊन त्यांना फार दिवस झाले नव्हते. दोनच दिवसांत त्यांना धाप लागली. ॲम्ब्युलन्सने त्यांना त्याच दवाखान्यात नेलं. आम्हा दोघींनाही लागण झालेली, त्यामुळे आम्ही घरातच अडकलो.

आई माझ्या शेजारी खुर्ची टाकून बसली. "पाह्य बरं, काई बदललं का?"

"आताच पाहिलं ना आई."

"पुन्हा पाह्य."

मी पुन्हा वेबसाइटवर बाबांचं पान उघडायची. ऑक्सिजन सुरू. परत तेच. मग सर्व्हरच्या नोंदी उघडून मी बाकीच्या रुग्णांची पानं तपासली. प्रत्येकाचं पान असंच दिवसभर उघडलं जात होतं, एकेका पानामागे कितीतरी मोबाइल होते. मी आकडा नव्याने मांडला, खाटांवरून नाही, बघणाऱ्यांवरून.

"दुप्पट?" साहेब म्हणाले. "अगं, रुग्ण तर तेवढेच आहेत."

"बघणारे वाढलेत, सर. माझी आईच दर पाच मिनिटांनी बघायला लावते."

मंजुरी लगेच आली.

सर्व्हर एकदाही बंद पडला नाही. त्यामुळे दवाखान्याचा फोन यायच्या आधीच आम्हाला दिसलं. दुपारची वेळ होती, मोबाइल आईच्या हातात होता.

"खाट रिकामी म्हनते," ती म्हणाली. "सुट्टी देल्ली का त्याइले?"

सुट्टी दिली की पानावर 'घरी सोडले' असं येतं, हे मला माहीत होतं. तिला नव्हतं. ती उठून बाबांच्या खोलीत गेली, पलंगावरची चादर काढली आणि धुतलेली घालायला लागली. मी दारात उभी राहिले. ती चादरीचे कोपरे खोचत होती. मला सांगावं लागलं.

पुढे लाट ओसरली. आलेख उतरत गेला आणि मोठा सर्व्हर बराचसा नुसताच पडून राहू लागला. एका बैठकीत साहेब म्हणाले, "तुझा अंदाज अगदी बरोबर निघाला. आता तो लहान करून टाक." त्यांच्या बोलण्यात खोच नव्हती, कौतुकच होतं.

सर्व्हर लहान करायचा तर तो थोडा वेळ बंद ठेवावा लागतो. तेवढ्या वेळात कोणाचंच पान उघडत नाही, म्हणून वर्दळ कमी असेल ती वेळ शोधायची असते. मी बघितलं, तर आता कुठलीही वेळ चालली असती. जेवणं झाल्यावर मी तो बंद केला. कोणाचीही तक्रार आली नाही.